कबुलीजबाब आणि पापनिवेदन



या अंकातला अभ्यासपाठ पापनिवेदनाच्या संस्काराविषयी आहे. आपल्या वस्त्यांवर त्याला ‘कन्फेशन’ म्हणतात, गोव्याकडच्या सिस्टर ‘कुमसार’ म्हणतात, पुस्तकात ‘प्रायश्चित्त संस्कार’ किंवा ‘समेटाचा संस्कार’ असे लिहिलेले असते. मी एकदा यांपैकी एकही न वापरता माझाच एक शब्द वापरला, आणि त्या शब्दाने मला बरेच काही शिकवले.

गेल्या उपवासकाळात कंधार तालुक्यातल्या एका पारधी वस्तीवर मी बायकांना या संस्काराची तयारी शिकवत होते. लिंबाखाली पंधरा-सोळा जणी बसल्या होत्या. ‘पापनिवेदन’ हा शब्द जड जातो म्हणून मी सोपा करून सांगितले, “म्हणजे कबुली. आपलं काय चुकलं ते फादरपुढं कबूल करायचं.” मागच्या बाजूला बसलेली एक मावशी काही न बोलता उठली आणि आपल्या झोपडीत निघून गेली. मला वाटले, कामाची वेळ झाली असेल. शिकवणी संपल्यावर तिच्या दारात गेले तेव्हा ती म्हणाली, “माझ्या पोराची बी कबुलीच घेतली होती, ताई. तीन दिवस घेत होते. आजबी त्याला उजव्या हातानं भाकर मोडता येत नाही.”

मी खाली बसले. बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

पारधी समाजाच्या कानाला ‘कबुली’ हा शब्द कसा लागतो याचा मला आधीच विचार करायला हवा होता. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो वाढवत नेला. त्या कायद्याने माणूस जन्मताच गुन्हेगार ठरत असे. हजेरी, परवाना, पहारा हे त्याच्या नशिबी येत असे. स्वतंत्र भारतात १९५२ साली हा कायदा रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. गावात चोरी झाली की आधी वस्तीवर गाडी येते. अशा माणसाला आपण सांगतो, ‘ये, कबूल कर, तुला शांती मिळेल.’ तो येणार कसा?

म्हणून आजचा पाठ मी भीतीपासून सुरू करते. पापनिवेदनाला घाबरणारे सगळेच श्रद्धेत कच्चे असतात असे नाही. त्यांची भीती कुठून तरी आलेली असते. ती कुठून आली हे विचारले, तर बहुतेक वेळा तिचे उत्तर मंडळीच्या शिकवणुकीतच सापडते. आपण ते उत्तर लोकांपर्यंत पोहोचवलेले नसते, एवढेच.

आधी त्या मावशीची भीती. आपल्या देशाच्या कायद्यालाही जबरदस्तीची कबुली चालत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात धमकी किंवा आमिष दाखवून घेतलेली कबुली ग्राह्य धरलेली नाही, आणि पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. आताच्या नव्या साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. म्हणजे भीतीने उघडलेल्या तोंडातून खरे बाहेर येत नाही, हे दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते. मग मंडळीला ते ठाऊक नसेल का? पापनिवेदनाला कोणी कोणाला धरून आणत नाही. तिथे तपास नसतो, साक्षीदार नसतात, समोरच्याने तयार केलेला कागद नसतो. जो गुडघे टेकतो तोच स्वतःविषयी बोलतो, दुसऱ्या कोणाविषयी नाही. १९८३ च्या चर्च कायद्याचे ९७९ वे कलम फादरांना सांगते की प्रश्न विचारताना जपून विचारा, आणि पापात सोबत असलेल्या माणसाचे नाव विचारूच नका. ‘तुझ्याबरोबर आणखी कोण होतं?’ हा ठाण्यातला पहिला प्रश्न. पापनिवेदनात तो वर्ज्य आहे. पुढचे ९८० वे कलम तर आणखी स्पष्ट आहे : माणसाच्या पश्चात्तापाविषयी शंका नसेल आणि तो क्षमा मागत असेल, तर त्याला क्षमा नाकारायची नाही, लांबवायचीही नाही.

मावशीला मी हे कलमांसकट सांगितले नाही. एवढेच सांगितले, “तिथं गेलेला माणूस सुटूनच बाहेर येतो.” ती म्हणाली, “बघू.”

आता हा संस्कार म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू दारे लावून बसलेल्या शिष्यांमध्ये येतो, त्यांच्यावर श्वास टाकतो आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार त्यांच्याकडे सोपवतो. (तेही भीतीनेच दारे लावून बसले होते, हे वाचताना विसरू नका.) मंडळीने हा अधिकार काळानुसार वेगवेगळ्या रीतीने वापरला. पहिल्या शतकांत मोठ्या पापांसाठी सगळ्या मंडळीदेखत दीर्घ प्रायश्चित्त करावे लागे. पुढे आयर्लंडच्या संन्याशांनी खाजगीत, एकाने एकाला सांगण्याची रीत रुजवली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असा नियम घातला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७३ साली विधी नव्याने लिहिला गेला आणि समेटावर, घरी परतण्यावर भर आला. आपण करायच्या गोष्टी तीन : मनापासून पश्चात्ताप, पापांचे निवेदन आणि दिलेले प्रायश्चित्त. चौथी गोष्ट, पापमुक्ती, देव करतो. फादर त्याच्या वतीने ती उच्चारतात.

आपल्या भागात कॅथलिक घरे मोजकी आणि दुसऱ्या मंडळ्यांतले नातेवाईक पुष्कळ. त्यामुळे एक प्रश्न हमखास येतो : ‘थेट देवाला का सांगू नये? मध्ये माणूस कशाला?’ प्रश्न चांगला आहे, त्याला हसू नका. थेट देवाला सांगायचेच आहे. दररोज रात्री सांगायचे आहे. पण दाविदाची गोष्ट आठवा. दावीद प्रार्थना करणारा माणूस होता. तरीही उरीयाच्या बाबतीत केलेले पाप तो कितीतरी महिने पोटात घेऊन राजवाड्यात वावरत होता. देवाने नाथानाला पाठवले, त्याने मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हा दाविदाच्या तोंडून पहिल्यांदा खरे बाहेर पडले. स्वतःशी बोलताना आपण स्वतःला फार लवकर माफ करतो, नाहीतर कधीच करत नाही. माझ्याबाबतीत दुसरे अधिक होते. कोणीतरी ऐकले, आणि ऐकूनही देवाच्या नावाने ‘जा, तुला क्षमा आहे’ असे मोठ्याने म्हटले, हे कानाने ऐकावे लागते.

दुसरी भीती गुप्ततेची. लहान गाव, मोजकी माणसे. सांगितलेले बाहेर फुटले तर? याविषयी मंडळीचा नियम इतका कडक आहे की तो ऐकून वस्तीवरची माणसे चकित होतात. ९८३ व्या कलमाप्रमाणे पापनिवेदनाची मोहर अभंग आहे. शब्दाने, खुणेने, कोणत्याही कारणाने फादर ती मोडू शकत नाहीत. जाणूनबुजून थेट मोडणारा फादर आपोआप मंडळीबाहेर जातो, आणि तो दंड काढण्याचा अधिकार रोमकडे राखून ठेवलेला आहे. प्राग शहरात १३९३ साली नेपोमुकच्या योहान नावाच्या धर्मगुरूला राजाने नदीत बुडवून मारले. राणीचे पापनिवेदन सांगायला त्याने नकार दिला म्हणून, असे परंपरा सांगते. फादरांची तसबीर मागणाऱ्या मुलांना मी या संताचे चित्र दाखवते. त्याचे बोट ओठांवर असते.

लोकांना सर्वांत कमी माहीत असलेला भाग ९८४ व्या कलमात आहे. पापनिवेदनात कळलेल्या गोष्टीचा उपयोग फादर तुमच्या तोट्यासाठी करू शकत नाहीत, गुपित फुटण्याचा धोका नसला तरीही नाही. आणि ज्याच्या हातात अधिकार आहे, त्याने तिथे कळलेले कारभारात वापरायचे नाही. दुसऱ्या दिवशी भेटल्यावर ‘त्या गोष्टीचं काय झालं?’ असेही ते आपणहून विचारू शकत नाहीत.

याच्यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते आणि ती मी प्रत्येक महिला बैठकीत सांगते. तुम्हाला मदत हवी असेल, म्हणजे नवरा मारतो, घरात मुलीला कोणी त्रास देतो, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते, तर ते पापनिवेदनात सांगून थांबू नका. तिथे ऐकलेल्यावर फादर बाहेर येऊन हालचाल करू शकत नाहीत. ते तुम्हाला म्हणतील, ‘हेच मला बाहेर सांगा’ किंवा ‘सिस्टरना सांगा’. तसे करा. आणखी एक : मार खाणे हे पाप नाही. आपल्या बायका पापनिवेदनाला जातात आणि नवऱ्याने, सासूने, मुकादमाने जे त्यांच्यावर केले ते स्वतःचे पाप म्हणून सांगतात. रडतातही. दुसऱ्याने केलेला अन्याय तुमच्या खात्यावर मांडू नका. त्याची जागा पापनिवेदन नव्हे, आमच्या कार्यालयातले बाक आहे.

याच संदर्भात २०१८ चे प्रकरण अनेकांना आठवत असेल. केरळात ऑर्थोडॉक्स मंडळीच्या काही धर्मगुरूंनी एका स्त्रीच्या पापनिवेदनाचा गैरफायदा घेतल्याचा आरोप झाला. जुलै महिन्यात राष्ट्रीय महिला आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षा रेखा शर्मा यांनी पापनिवेदनाची प्रथाच बंद करावी अशी शिफारस सरकारकडे केली. मुंबईचे तेव्हाचे महाधर्मगुरू आणि बिशप परिषदेचे अध्यक्ष कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी तिला ठाम विरोध केला, आणि ती सरकारची भूमिका नाही असे केंद्रीय मंत्री अल्फोन्स यांनी स्पष्ट केले. त्या दिवसांत आपल्या लोकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या, मीही केली. पण सही करताना माझ्या मनात त्या स्त्रीचा विचार होता. संस्कारावर बंदी घालणे चूक होते, यात मला शंका नाही. तिची भीती मात्र चूक नव्हती. म्हणून आपल्या बायकांना त्यांचे हक्क माहीत हवेत. ९९१ व्या कलमाप्रमाणे आपल्याला हवा तो अधिकारप्राप्त फादर निवडण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे. जाळीच्या आडून सांगण्याचा हक्क आहे. ज्यांना ती हवी त्यांना ती मिळाली पाहिजे असे ९६४ वे कलम म्हणते. वस्तीवर चर्च नसते, पण खुर्चीला ओढणी बांधूनही जाळी होते. जागा अशी निवडावी की सगळ्यांना दिसेल आणि कोणाला ऐकू येणार नाही. आणि पापनिवेदनाच्या निमित्ताने कोणी अनैतिक मागणी केली, तर चर्चच्या कायद्यात तो स्वतंत्र आणि गंभीर अपराध आहे. बिशपांकडे तक्रार करायची असते. ती केल्याने तुमच्याकडून मोहर मोडत नाही. मोहर फादरांना बांधते, तुम्हाला नाही.

आता मी माझ्या स्वतःच्या चुकीकडे येते. ती लिहावी की नाही यावर बरेच दिवस विचार केला.

कंधारला येण्यापूर्वी मी एका मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात काम करत होते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या मुली तिथे राहायच्या. दर पंधरा दिवसांनी शनिवारी पापनिवेदन असे. मुलींना रांगेत उभे करणे माझे काम होते, आणि शिस्तीच्या भरात मी वहीत नावांपुढे खूण करत असे : कोण गेली, कोण राहिली. ऐकणारे फादर तेच वसतिगृहाचे प्रमुख. जूनमध्ये कोणाला पुन्हा प्रवेश द्यायचा, कोणाची फी माफ करायची, हे तेच ठरवत. ते सज्जन होते. मलाही त्यात काही वावगे दिसले नाही.

पाच-सहा वर्षांनी तिथली एक मुलगी मला नांदेडच्या बसस्थानकावर भेटली. नर्सिंगचा कोर्स करत होती. चहा पिता पिता म्हणाली, “ताई, आठवीत मी मैत्रिणीच्या पेटीतले चाळीस रुपये घेतले होते. तुमच्या वहीत दर वेळी माझ्या नावापुढं खूण असायची ना? मी दर वेळी जायचे. खोटं बोलले, भांडले, प्रार्थना चुकवली, एवढं सांगायचे. चाळीस रुपये कधीच सांगितले नाहीत. फादरला कळलं तर जूनमध्ये घेणार नाहीत, असं वाटायचं. मग ख्रिस्तप्रसाद घेताना पोटात गोळा यायचा. दोन वर्षं.”

मी थिएलॉजीचा डिप्लोमा करत होते तेव्हा ९८५ वे कलम वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. सेमिनरीच्या किंवा इतर शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने आपल्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन ऐकू नये. एखाद्या विद्यार्थ्याने विशिष्ट प्रसंगी आपणहून मागितले तरच ऐकावे. ते कलम माझ्या वहीबद्दल आहे, हे मला त्या चहाच्या कपापाशी समजले. ज्याच्या हातात भाकरी आहे त्याच्यापुढे मन उघडायला सांगणे मुलांवर जड जाते, हे कलम लिहिणाऱ्यांनी ओळखले होते. मी ओळखले नाही. आपल्यासारख्या कल्याणकारी कामात हा धोका सगळीकडे आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जावर फादरांची सही, दवाखान्याची चिठ्ठी फादरांची, घरकुलाच्या शिफारशीसाठीही लोक फादरांकडेच येतात. माणसाला वाटणारच : माझे पाप कळले तर मदत बंद होईल. आणि उलटही : पापनिवेदनाला गेलो नाही तर मदत बंद होईल. दुसरे अधिक वाईट, कारण ते माणसाला संस्कारात खोटे बोलायला शिकवते.

तिने मला विचारले, त्या दोन वर्षांच्या पापनिवेदनांचे काय? हा प्रश्न अनेकांना छळतो म्हणून उत्तर देते. गंभीर पाप जाणूनबुजून लपवले तर ते निवेदन अपुरे राहते, ही शिकवण खरी आहे. पण पाप गंभीर ठरायला पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते. चौदा वर्षांच्या मुलीने घाबरून लपवलेले चाळीस रुपये त्यात बसतात का, याचा निवाडा तिने एकटीने रात्री जागून करायचा नाही. तिने कोणत्याही फादरांकडे जाऊन एकदा सांगायचे : हे घेतले होते, आणि हे लपवले होते. झाले. मागची सगळी वर्षे उकरत बसायची गरज नाही. विसरलेले पाप तर क्षमेत आलेलेच असते. पुढे आठवले आणि ते गंभीर असेल तर पुढच्या वेळी सांगायचे. तिने मैत्रिणीला पैसे परत केले होते का, हे मी विचारले नाही. तिनेच सांगितले, नर्सिंगच्या पहिल्या स्टायपेंडमधून शंभर रुपये पाठवले म्हणून.

खूण करायची ती पद्धत मी माझ्या पापनिवेदनात सांगितली. जिथे सांगितली त्या फादरांनी मला रागावले नाही.

रागावण्याचे सांगायचे तर, ही भीतीही खोटी नाही. मी अकरा वर्षांची असताना एका फादरांनी जाळीतून इतक्या मोठ्याने खडसावले की बाहेरच्या बाकावरच्या बायकांनी माना वळवल्या. त्यानंतर मी नऊ वर्षे गेले नाही. ते फादर वाईट नव्हते, कदाचित दमलेले असतील. पण मंडळी त्यांच्या बाजूने नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या प्रेषितीय पत्रात फादरांना बजावले की पापनिवेदनाची जागा छळाची खोली होता कामा नये. पुढच्या वर्षी, २८ मार्च २०१४ रोजी, सेंट पीटर्समध्ये ते स्वतः सगळ्यांदेखत एका साध्या फादरांपुढे गुडघे टेकून बसले. त्यांना दुसरीकडे नेत होते. ते आधी तिकडे वळले. आमच्या मुलांना मी त्या प्रसंगाचा फोटो मोबाईलवर दाखवते. ‘पोपलाबी करावं लागतं?’ हा त्यांचा प्रश्न ठरलेला. लागतं. आणि आपले पाप कोणी स्वतःच माफ करून घेऊ शकत नाही, पोपसुद्धा नाही.

भाषेचा अडसर आपल्या कामात मोठा आहे. किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी, इकडे तांड्यांवर गोरबोली. बाजारात मराठी बोलणारी म्हातारी माणसेही दुःख मात्र आपल्या बोलीतच बोलतात. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी इथली भाषा शिकून तिचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्यामागे १६४० साली छापले गेले. नव्या फादरांना लोकांचे ऐकता यावे, हा अशा खटाटोपाचा एक मोठा हेतू असे. आजही तांड्यावर येणाऱ्या तरुण फादरांना मी चार गोरमाटी वाक्ये शिकवते. तेवढ्याने भागत नाही तेव्हा ९९० वे कलम आहे : दुभाष्याच्या मदतीने पापनिवेदन करता येते, आणि दुभाष्यालाही गुप्ततेचे बंधन लागू होते.

एका याडीसाठी मी एकदा दुभाषी झाले आहे. कोणत्या तांड्यावर, कधी, ते लिहिणार नाही. विधी संपला, याडीने माझ्या गालावरून हात फिरवला आणि शेळ्या सोडायला गेली. मी मात्र दोन दिवस अस्वस्थ होते. त्यानंतर ती मला बचतगटाच्या बैठकीत भेटते, रेशनच्या रांगेत भेटते, आणि माझा चेहरा आधी होता तसाच ठेवावा लागतो. आधीपेक्षा जास्त गोडही बोलायचे नाही, कारण तीही खूणच झाली असती. फादर लोक हे ओझे दररोज उचलतात, हे त्या दिवसापासून माझ्या लक्षात आले.

शेवटी ऊसतोडीवाल्यांचे. आपली निम्मी माणसे दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. उपवासकाळ उसाच्या फडात जातो. त्यांना वाटते, ईस्टरच्या आधी जमले नाही म्हणजे वर्ष वाया गेले. तसे नाही. योग्य कारण असेल तर ईस्टरचे कर्तव्य वर्षात दुसऱ्या वेळी पुरे करता येते, आणि फडात पोट भरणे हे योग्य कारण आहे. तोपर्यंत मनापासून, देवावरच्या प्रेमाने पश्चात्ताप करावा आणि संधी मिळताच पापनिवेदन करायचे ठरवावे. देव फडाच्या बांधावरही ऐकतो.

गेल्या वर्षी परत आलेल्यांपैकी एक भाऊ माझ्याकडे आला. हे त्याच्या परवानगीने लिहीत आहे. एका मुकादमाची साठ हजारांची उचल घेऊन तो दुसऱ्याच टोळीबरोबर कर्नाटकात निघून गेला होता. विचारत होता, “फादरला सांगितलं अन् त्येनं मुकादमाला कळवलं तर? पोलिसात जा म्हणलं तर?” मी सांगितले, फादर मुकादमाला कळवू शकत नाहीत. पण नुकसान शक्य तितके भरून द्यायला ते सांगतील, कारण क्षमा झाली तरी हिशोब शिल्लक राहतो. जक्कय चौपट द्यायला निघाला होता ते कोणी मागितले म्हणून नाही. “पण मुकादमानं बी मागल्या साली माझे खाडे जास्त लावले होते,” तो म्हणाला. तेही खरे असेल. आपले पाप सांगताना मुकादमाचे सांगायचे नसते. हिशोब करताना मात्र दोन्ही बाजू मांडायच्या असतात. तो पापनिवेदनाला गेला. मग आठवड्याने वही घेऊन आमच्या कार्यालयात आला आणि त्या बाकावर बसून आम्ही खाडे मोजले. पहिला हप्ता त्याने आषाढात दिला.

पहिल्यांदा किंवा फार वर्षांनी जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. आदल्या रात्री शांत बसून आठवा. गंभीर पापे असतील तर काय आणि साधारण किती वेळा, एवढे सांगा. गोष्ट रंगवून सांगायची गरज नाही. आत गेल्यावर क्रुसाची खूण करा, मागच्या वेळेला किती दिवस झाले ते सांगा. प्रार्थना येत नसेल तर ‘मला येत नाही’ म्हणा, फादर म्हणून घेतील. लाज वाटत असेल तर तेच पहिले वाक्य म्हणून सांगा.

यंदा ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांसाठी ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी कंधारच्या केंद्रात सकाळी नऊपासून पापनिवेदनाची सोय आहे. बाहेरगावचे दोन फादर येणार आहेत. आमच्या वसतिगृहाचे फादर त्या दिवशी ऐकणार नाहीत, आणि मुलांची नावे कोणी लिहिणार नाही. एका बाजूला जाळी असेल, एका बाजूला समोरासमोर बसण्याची जागा. ज्यांना गोरबोलीत सांगायचे आहे त्यांनी मला आधी निरोप द्यावा. दुभाषी म्हणून मी नको असेन तर तेही मोकळेपणाने सांगावे. दुसरी बाई शोधून ठेवली आहे. पारधी वस्तीवरून सात जणींनी नाव दिले आहे. मावशीने अजून दिलेले नाही, पण जीप किती वाजता निघते ते तिने दोनदा विचारले आहे.